छान नको, नीट सांगा

सुरुवातीलाच क्षमा मागतो. लिहिणं हा आमच्या घरचा धंदा नाही. नरपडला आमची चिकूची लहानशी वाडी आहे. माझ्या आधीच्या पिढीत लिहिण्याचा संबंध यायचा तो करंडीवर पत्ता घालण्यापुरता, आणि तोही स्टेशनातल्या कुणाकडून तरी घालून घ्यायचे. कॉलेजात आलेला घरातला मी पहिलाच. म्हणून आमच्या मराठीच्या सरांनी कॉलेजच्या वार्षिकासाठी ‘आमच्या भागातील प्रेक्षणीय स्थळे’ या विषयावर लेख मागितला, तेव्हा मला नाही म्हणण्याचंही धाडस झालं नाही.

वसतिगृहाच्या खोलीत कागद घेऊन बसलो. पहिलं वाक्य लिहिलं : ‘डहाणूचा समुद्रकिनारा फार छान आहे.’

आणि कानाशी कुणीतरी खेकसलं, “छान? छान तर स्टेशनवरचा चहासुद्धा असतो! छान नको, नीट सांग.”

तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘घोलवडच्या चिकूच्या वाड्या अतिशय सुंदर आहेत.’ पुन्हा तोच आवाज. शेवटी माझ्या लक्षात आलं की ज्या माणसाचा हा आवाज आहे, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय तो मला स्थळांबद्दल काही लिहू देणार नाही. तेव्हा स्थळं राहिली बाजूला आणि हा लेख सुर्वेकाकांवर झाला. सरांनी सांभाळून घ्यावं.

गणपतराव सुर्वे हे डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क होते. गावात त्यांना सगळे ‘पार्सलकाका’ म्हणत. अंगाने किरकोळ, कानावर पेन्सिल, आणि रेल्वेचा काळा कोट, ज्याची बटणं एकमेकांच्या नात्यातली नव्हती. लेबलं चिकटवून चिकटवून त्यांच्या बोटांना कायम खळ असायची. त्यांनी हात हातात घेतला की तो परत मिळायला जरा वेळ लागे.

या माणसाला एकच व्यसन होतं. नवीन माणसाला गाव दाखवायचं. मामलेदार कचेरीत नाहीतर शाळेत, दवाखान्यात कुणी बदलून आला, की त्याची वळकटी सुटायच्या आत काका दारात उभे. “चला, गाव दाखवतो. नाही कसं म्हणता? राहायचंय ना इथे?”

यात तसं जगावेगळं काही नाही. गाव दाखवणारी माणसं सगळीकडे असतात, आणि ती बोलून बोलून जीव नकोसा करतात. काकांची तऱ्हा उलटी होती. ते तुम्हाला एखाद्या ठिकाणी नेऊन उभं करत आणि स्वतः तोंड मिटून बसत. बोलायचं तुम्ही. समोर काय दिसतंय, ते कसं दिसतंय, ते सांगायचं. आणि ते नवीन असलं पाहिजे. दुसऱ्या कुणी आधी सांगितलेलं असलं, तर काका मान हलवत : “हे झालं. ते मागचे पोस्टमास्तर म्हणून गेले. पुढे?”

माझी त्यांची ओळख मी मॅट्रिकच्या वर्गात असताना झाली. सकाळच्या गाडीला आमच्या करंड्या चढवायच्या होत्या. बाबांनी मला पुढे पाठवलं. काकांनी लेबलाला खळ लावली, ते हवेतच धरलं आणि विचारलं, “नरपडचा ना तू? आज समुद्र कसा होता?”

मी म्हटलं, “छान.”

“चालता हो.”

“काका, गाडी येईल!”

“येऊ दे. रोज त्याच्या शेजारी झोपतोस, उठतोस, आणि ‘छान’? सासूबाईंची प्रकृती विचारली का मी तुला? नीट सांग.”

गाडीची घंटा झाली. मी घाबरून काहीतरी बोललो. म्हणालो, समुद्र फार आत गेलाय, आणि मागे जी ओली वाळू राहिलीय ती आई सारवते तशी, हाताच्या फेऱ्यांसकट. काकांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. मग लेबल करंडीवर चिकटवलं, त्यावर बुक्की मारली आणि म्हणाले, “हं. हाताच्या फेऱ्यांसकट. हे नवीन.”

त्या दिवसापासून आमच्या करंड्या रोज अशाच गेल्या. मी शाळेत निबंध लिहायला शिकलो की नाही मला माहीत नाही, पण पार्सल ऑफिसात थोडंफार बोलायला शिकलो. रांगेत मागे घोलवडचे मगनशेठ उभे असायचे. ते वैतागून म्हणत, “अरे सुर्वेभाई, दरियो एटले दरियो! बीजुं शुं?” म्हणजे समुद्र तो समुद्र, दुसरं काय!

“मग तुमच्या करंड्या एटले करंड्या,” काका म्हणत. “बसू देत तिथेच.” मग मगनशेठही कपाळावर हात मारून काहीतरी सांगत. एकदा तर म्हणाले, आज दरियो उधारी वसूल करायला आल्यासारखा दार ठोकत होता. काका इतके खूश झाले की त्यांनी शेठना स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

काकांच्या डोक्यात या मुलुखाचं वेळापत्रक होतं, रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा. पावसाळा सरता सरता सायवनकडचं रान, कारण तेव्हा ओढ्यांचं पाणी निवळतं. भात कापणीला आलं की तलासरीचा रस्ता. थंडीत घोलवडच्या वाड्या. आणि आमच्या वाडीमागचा वाळूचा उंचवटा मात्र बारा महिने, कारण तिथून समोर समुद्र दिसतो आणि मान वळवली की मागे, झाडांच्या शेंड्यांवरून, महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका. “एका जागेवर दोन्ही,” काका म्हणत. “तिकीट एकाचं, प्रवास दोघांचा.”

मी मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात गावात नवे पशुवैद्य आले. डॉक्टर खानोलकर. गृहस्थ घाटावरून आलेले, बदलीवर नाराज, आणि पायात चकचकीत बूट. काकांनी रविवारी सकाळी त्यांना गाठलं. मलाही बरोबर घेतलं, कारण शेवटी आमच्या वाडीत जायचं होतं.

पहिला मुक्काम खाडीचा पूल. ओहोटी लागलेली. होड्या कुशीवर झोपलेल्या.

“बोला,” काका म्हणाले.

“काय बोलू?”

“काय दिसतंय?”

“खाडी.”

“खाडी मलाही दिसते. मी पार्सल क्लार्क आहे, आंधळा नाही. कशी दिसते?”

“छान आहे हो,” डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. चहाचं वाक्य येणार हे मला ठाऊक होतं. ते आलं. डॉक्टर चिडले. म्हणाले, “अहो, मी गुरांचा डॉक्टर! माझं गिऱ्हाईक बोलत नाही, म्हणून तर मी हा धंदा पत्करला!”

“मग गुरांच्या भाषेत सांगा.”

डॉक्टर तडक पुढे चालू लागले. आम्ही किल्ल्यापाशी गेलो. तिथे कचेरी भरते, म्हणून गावातले लोक किल्ला बघायला जात नाहीत, दाखला काढायला जातात. डॉक्टर तिथेही घड्याळच बघत राहिले. पण परतताना पुन्हा पूल आला तेव्हा ते आपणहून थांबले. उन्हं वर आली होती. बराच वेळ खाली बघून ते म्हणाले, “म्हैस चिखलातून उठून उन्हात उभी राहिली, की पाठीवरचा चिखल आधी कडेने वाळत येतो आणि मध्ये ओला राहतो. तसं आहे.”

“म्हैस!” काकांनी त्यांचा हात धरला. खळीमुळे तो सुटेना. “इतकी वर्षं लोकांना आणतोय, म्हैस कुणाला दिसली नाही!”

मग डॉक्टर थांबेचनात. बुटांत वाळू गेली तरी बोलत होते. आमच्या उंचवट्यावर त्यांनी सुळक्याला खोंडाचं नुकतं फुटलेलं शिंग म्हटलं. बाबा वाडीतून ऐकत होते. मला हळूच म्हणाले, “शिकलेली माणसं काय रे ही? यापेक्षा आपला बैल कमी बोलतो.”

सहल संपायची ती नेहमी काकांच्या घरी. ‘चहा घेतल्याशिवाय गाव बघून होत नाही,’ असा त्यांचा नियम. त्या दिवशी मीही पहिल्यांदाच आत गेलो.

क्वार्टर मालधक्क्याच्या मागे. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक खिडकी. खिडकीसमोर मालधक्क्याची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. खिडकीशी खाटेवर काकू बसल्या होत्या. गोल चेहरा, मोठं कुंकू, मांडीवर सूप आणि त्यात निवडायचे वाल. पायांवर चादर.

“या डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “बसा. यांनी फार दमवलं असेल. आता मी दमवते. काय काय पाहिलंत?”

लग्नानंतर थोड्याच वर्षांत काकूंना मोठा ताप आला होता. त्यात पाय गेले. काकांची डहाणूला बदली झाली ती त्यानंतर. तेव्हापासून काकू या घराबाहेर पडलेल्या नव्हत्या. घरातल्या घरात चाकं लावलेल्या पाटावर बसून त्या सगळं करत, स्वयंपाकसुद्धा. पण उंबऱ्याबाहेर नाही.

डॉक्टरांनी म्हैस सांगितली. काकूंचे हात सुपात थांबले. “कडेने वाळत आलेली,” त्या म्हणाल्या. “मध्ये ओली. म्हणजे होड्या मधल्या ओल्यात की कडेच्या सुक्यात?” डॉक्टर म्हणाले, कडेला. “आणि बगळे?” डॉक्टरांना बगळे आठवेनात. माझ्याकडे बघू लागले. “राहू देत,” काकू हसून म्हणाल्या, “पुढच्या वेळी बघून ठेवा.”

काका स्टोव्हपाशी चहा करत होते. आमच्याकडे पाठ. पण कान सगळे इकडे. मला तेव्हा कळलं की सकाळपासून हा माणूस तोंड मिटून का बसला होता. त्यांचं स्वतःचं सगळं सांगून केव्हाच संपलं होतं. आता ते दुसऱ्यांचे डोळे धरून आणत होते.

“आमच्याकडे पाहुणा आला की माझं एक गाव बघून होतं,” काकू म्हणाल्या. “याच डहाणूची माझी किती गावं झालीत!”

डॉक्टर माणूस भाबडा. म्हणाले, “पण वहिनी, बैलगाडी आहे, माणसं आहेत. एकदा प्रत्यक्षच का जात नाही?”

स्टोव्ह एकदम मोठा झाला. काकांनी उगाचच पंप मारला होता.

“ते यांना विचारा,” काकू म्हणाल्या. पण सांगितलं त्यांनीच, आणि हसत हसत. बदली होऊन आल्या दिवशी त्यांना गाडीतून उतरवलं आणि सामानाच्या ढकलगाडीवर बसवलं, कारण दुसरं काही नव्हतंच. फलाटावर ही गर्दी. सगळे बघत होते. काका नवीन, गोंधळलेले. हमालाने गाडीला हात घातला तेव्हा तोंडातून रोजचे शब्द निघून गेले : “सांभाळून रे, काचेचा माल आहे.”

“सगळं स्टेशन हसलं,” काकू म्हणाल्या. “हमाल हसले. गाडीतली माणसं खिडकीतून वाकून हसली. यांना वाटलं आपण फार गमतीचं बोललो, म्हणून हेही हसले. मी मनात म्हटलं, बाई, आता या दारातून आत जायचं ते शेवटचंच. मी काय पार्सल आहे उचलून न्यायला?”

काकांनी चहा आणून दिला. साखर घालायची राहून गेली होती. आम्ही तसाच प्यायलो.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिलो. काकांनी काकूंना किती परींनी विनवलं होतं तेही हळूहळू कळलं. डोली करतो. पहाटे अंधारात नेतो, कुणी बघणार नाही. काकूंचं उत्तर एकच : “अंधारात जायला मी काय चोरीचा माल आहे?” मालाच्या या उपमा त्या मुद्दाम देत, आणि प्रत्येक वेळी काकांची मान थोडी खाली जाई. राग नव्हता त्यात. दोघं एकमेकांशी फार चांगली वागत. फक्त तेवढा एक उंबरा मध्ये होता.

आणि वेळही उरला नव्हता. दिवाळीनंतर काका रिटायर होणार होते. क्वार्टर सोडून संगमेश्वराकडे गावी जायचं. तिथे चहूकडे डोंगर, समुद्र नाही. “सगळ्या गावाला गाव दाखवलं,” काका एकदा पार्सल ऑफिसात मला म्हणाले, “आणि घरच्या माणसाला भिंत. असंच जायचं बहुतेक.” मग लगेच खेकसले, “तू बघतोस काय? समुद्र कसा होता ते बोल.”

कॉलेजला निघण्याआधी मी काकूंचा निरोप घ्यायला गेलो. जाताना काहीतरी खास सांगावं असं मनात होतं. म्हणून महालक्ष्मीची गोष्ट सांगितली. ती आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. देवी डोंगराच्या माथ्यावर राहायची. एक गरोदर बाई नेमाने दर्शनाला चढायची. एकदा तिला चढवेना, ती वाटेतच पडली. तेव्हा देवी म्हणाली, तू नको येऊस, मीच खाली येते. म्हणून देऊळ पायथ्याशी आहे.

काकूंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, “देवीला काय, ती आपल्या पायांनी उतरली. तिला कुणी ढकलगाडीवर नाही घातलं.”

मी ओशाळलो. काका दारात उभे होते, चपला घालत. चपलेचा अंगठा त्यांना बराच वेळ सापडत नव्हता.

दिवाळीत परीक्षेच्या अभ्यासासाठी मी घरी गेलो नाही. बाबांना लिहिता येत नाही, त्यामुळे गावची खबर मला उशिरा मिळते. परवा बाबा चिकूच्या भावाची चौकशी करायला मुंबईला आले आणि थोडे चिकू घेऊन वसतिगृहावर मला भेटले. खाटेच्या कडेवर, पाहुण्यासारखे, पाय जवळ घेऊन बसले. पाऊस, आई, गाय असं सगळं झाल्यावर म्हणाले, “तुझे ते पार्सलकाका गेले आपल्या गावाला. बाई समुद्र बघून गेली.”

“काकू? कशा काय?”

“आपल्याच गाडीतून. चांगलं झालं.”

“बाबा,” मी म्हटलं, “चांगलं नको. नीट सांगा.”

बाबांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मग सांगू लागले.

काकांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. बाबा करंड्या घेऊन स्टेशनात होते. फलाटावर खुर्च्या मांडलेल्या. स्टेशनमास्तरांनी हार घातला, नारळ दिला, चार शब्द बोलले. डॉक्टर खानोलकरही आले होते. टाळ्या झाल्या. एवढ्यात पॅसेंजर येऊन थांबली, आणि काका उठून धर्मा हमालाला म्हणाले, “ती ढकलगाडी आण.”

सगळ्यांना वाटलं सामान असेल. काका स्वतःच गाडीवर चढले. गळ्यात हार, मांडी घालून बसले. खिशातून एक लेबल काढलं, खळ लावली आणि आपल्या कोटावर छातीवर चिकटवलं. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, काय लिहिलंय? डॉक्टर म्हणाले, “काच. सांभाळा.”

“चल,” काका धर्माला म्हणाले. “क्वार्टरला ने. आणि सावकाश ने, लोकांना नीट बघू दे.”

फलाट हसायला लागला. पॅसेंजरमधले लोक खिडक्यांतून बाहेर लटकून हसत होते. मगनशेठ पोट धरून म्हणत होते, “अरे सुर्वेभाई, आ शुं?” काका गंभीर. दोन्ही बाजूंना मान लववून नमस्कार करत चाललेले, जत्रेतल्या पालखीसारखे. फलाटावरून खाली, मालधक्क्याला वळसा घालून गाडी त्यांच्या दारापाशी आली, आणि मागून अख्खं स्टेशन.

हसणं ऐकून काकू पाट ढकलत उंबऱ्यापाशी आल्या होत्या.

“अहो, हे काय?”

“पार्सल आलंय,” काका म्हणाले. “सोडवून घेतेस की परत पाठवू?”

काकूंनी काकांकडे पाहिलं. कोटावरचं लेबल वाचलं. मागच्या माणसांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, आम्हाला वाटलं बाई आता रडणार. ती हसायला लागली. पदर तोंडावर धरला तरी हसू आवरेना. हसून झाल्यावर डोळे पुसले आणि म्हणाली, “उतरा खाली. मला जागा करा.”

बाबांची बैलगाडी स्टेशनाबाहेर मोकळीच होती. करंड्यांसाठी आणलेला पेंढा त्यांनी गाडीत पसरला. ढकलगाडीवरून काकू बैलगाडीपर्यंत आल्या, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. वाटेत खाडीच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि बगळे बघितले. मग नरपड. गाडी उंचवट्यावर चढवताना बैलांना थोडं जड गेलं, पण चढले.

“भरती येत होती,” बाबा म्हणाले. “तुझे काका चाकाला धरून उभे. हार गळ्यात तसाच. लेबलही तसंच. एक शब्द बोलले नाहीत. बाई समुद्राकडे बघायची, मग मान वळवून डोंगराकडे, मग परत समुद्राकडे. किती वेळ ते चाललं. शेवटी त्यांनी विचारलं, बोल, काय दिसतंय?”

“मग? काय म्हणाल्या?”

“म्हणाली, छान आहे.”

मी विचारलं, “आणि काका ओरडले?”

“नाही रे,” बाबा म्हणाले. त्यांनी एक चिकू दाबून पाहिला, पिकलेला निवडला आणि माझ्या हातात दिला. “म्हणाले, हो, छानच आहे. मग आम्ही आणखी थोडा वेळ थांबलो. बैलांना काही घाई नव्हती.”